निजलेल्या यंत्राचा इतिहास : लिनक्स, लॅपटॉप आणि बॅटरी

#थ्रेड

१/
लिनक्सवर चालणाऱ्या लॅपटॉपची बॅटरी लवकर संपते, ही तक्रार दोन दशकांहून जुनी आहे. तिच्यावरील तोडग्यांचा साठाही तितकाच जुना आहे. अमुक फाइलमध्ये अमुक ओळ घाला, अमुक सेवा बंद करा, बूट होताना कर्नलला अमुक आज्ञा द्या. हे तोडगे एकाकडून दुसरा नकलून घेतो आणि नकलताना मूळ तारीख गळून पडते. इतिहासाच्या विद्यार्थ्याला हा प्रकार ओळखीचा आहे. बखर वाचताना ती कोणी, केव्हा आणि घटनेनंतर किती वर्षांनी लिहिली हे आपण आधी विचारतो. या धाग्यात बॅटरी वाचवण्याचे तोडगे त्याच पद्धतीने वाचून पाहू. त्यांतील बहुतेकांना जन्मवर्ष आहे आणि काहींचा मृत्यूही होऊन गेला आहे.

२/
आरंभ १९९१ चा. हेलसिंकी विद्यापीठातील विद्यार्थी लिनस टोरवाल्ड्स याने आपल्या ३८६ प्रोसेसरच्या संगणकासाठी कर्नल लिहावयास घेतले. तो संगणक टेबलावरचा होता, त्याची वीज भिंतीतून येत होती. ज्या युनिक्स परंपरेचे अनुकरण हे कर्नल करीत होते, ती तर १९६९ पासून बेल प्रयोगशाळेतील अहोरात्र चालणाऱ्या यंत्रांवर वाढलेली. त्या परंपरेच्या सवयींत काटकसर होती. पण ती स्मृतीची आणि प्रोसेसरच्या वेळेची होती. विजेचा हिशेब ठेवण्याचे कारणच कोणाला पडले नव्हते. लॅपटॉपवर पुढे जे बाधले त्यातील बरेचसे या वारशातून आलेले आहे.

३/
लॅपटॉपच्या जगात मात्र १९९२ साली इंटेल आणि मायक्रोसॉफ्ट यांनी ‘एपीएम’ नावाचे मानक आणले. त्यात वीजव्यवस्थेचा अधिकार मुख्यतः बायोसकडे, म्हणजे मदरबोर्डवर कोरलेल्या आज्ञावलीकडे होता. पडदा केव्हा मालवावा, डिस्क केव्हा थांबवावी हे बायोस ठरवी. ऑपरेटिंग सिस्टिमने फार तर ‘मी सध्या रिकामी आहे’ असे कळवावे. बायोसला मात्र वापरणारा काय करीत आहे हे दिसत नव्हते. कळफलकाला बराच वेळ हात लागला नाही, म्हणजे माणूस उठून गेला की मजकूर वाचत बसला, हा भेद त्याला करता येत नसे.

४/
डिसेंबर १९९६ मध्ये इंटेल, मायक्रोसॉफ्ट आणि तोशिबा यांनी ‘एसीपीआय’ प्रसिद्ध केले आणि अधिकाराची दिशा उलटली. आता निर्णय ऑपरेटिंग सिस्टिमचा. पण कोणते उपकरण कोठे आहे, ते कसे निजवावे आणि कसे उठवावे, ही माहिती फर्मवेअरमधील तक्त्यांतच राहिली. तीही एका खास संकेतभाषेत. कारभार सरकारकडे गेला आणि जमिनीच्या नोंदी कुलकर्ण्याच्या दप्तरात राहिल्या, अशी ही स्थिती होती. दप्तर चोख असेल तर कारभार सुरळीत. दप्तरात चूक असेल तर सरकारचा हुकूमही निरर्थक.

५/
आणि चुका होत्या. लॅपटॉप बनवणारे बहुधा आपले तक्ते विंडोजवर चालतात एवढेच तपासून पाहत. विंडोज ज्या चुकीकडे काणाडोळा करी, तिच्यावर लिनक्स अडखळत असे. त्या काळी अनेक वापरकर्ते हे तक्ते यंत्रातून बाहेर काढीत, त्यांतील चुका हाताने दुरुस्त करीत आणि सुधारलेली प्रत कर्नलला वाचावयास देत. बॅटरीचा आकडा दिसावा किंवा झाकण मिटल्यावर यंत्र निजावे, एवढ्यासाठी हा खटाटोप होता.

६/
या टप्प्यावर एक कागद महत्त्वाचा आहे. मायक्रोसॉफ्टविरुद्ध अमेरिकेतील आयोवा राज्यात चाललेल्या मक्तेदारीच्या खटल्यात बिल गेट्स यांचा जानेवारी १९९९ चा एक ई-मेल पुराव्यात दाखल झाला. आपण एसीपीआयवर कष्ट घ्यावेत आणि लिनक्सला ते आयते मिळावे, याविषयीची नाराजी त्यात आहे. एसीपीआयचे विस्तार विंडोजपुरतेच उपयोगी पडतील असे काही करता येईल का, अशी विचारणाही आहे. हा कागद पुष्कळदा कटाचा पुरावा म्हणून फिरवला जातो. त्यातून इच्छा सिद्ध होते. ती अमलात आली हे सिद्ध करण्यास वेगळा कागद लागेल. सदोष तक्त्यांचा उलगडा होण्यास निष्काळजीपणा पुरेसा आहे.

७/
लिनक्सने यावर शोधलेला मार्ग मोठा व्यवहारी आहे. तक्त्यांतील आज्ञावली ऑपरेटिंग सिस्टिमला विचारू शकते, ‘तू विंडोजची अमुक आवृत्ती आहेस काय?’ लिनक्सचे कर्नल याला ‘होय’ असे उत्तर देते. आणि ‘तू लिनक्स आहेस काय?’ या प्रश्नाला ‘नाही’ म्हणते! कारण फर्मवेअरमधील जी वाट विंडोजसाठी लिहिली गेली, तिचीच खरी तपासणी झालेली असते. आजही बहुतेक लिनक्स लॅपटॉप सुरू होताना हे वेषांतर करतात.

८/
पुढे जाण्यापूर्वी थोडे गणित. बॅटरीची क्षमता वॅट-तासांत मोजतात. ५० वॅट-तासांची बॅटरी आणि १० वॅटचा खप, म्हणजे ५ तास. खप ९ वर आणला तर सुमारे ३३ मिनिटे वाढतात. पण ज्या यंत्राचा खप मुळातच ६ वॅट आहे, तेथे तो ५ वर आणल्यास १०० मिनिटे वाढतात. वाचवलेला वॅट दोन्हीकडे एकच असून त्याचे मोल मात्र तिप्पट झाले. यंत्र जितके काटकसरी, तितकी बारीकसारीक गळती महाग. म्हणून या इतिहासात पुढे पुढे कोणी अर्ध्या वॅटसाठी झटताना दिसले, तर तो छंदिष्टपणा समजू नये.

९/
पहिले मोठे साधन म्हणजे प्रोसेसरचा वेग कमी-जास्त करणे. इंटेलने जानेवारी २००० मध्ये लॅपटॉपच्या पेंटियम ३ बरोबर ‘स्पीडस्टेप’ आणले. प्रोसेसरची वीज वेगाच्या प्रमाणात आणि व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. वेग उतरवला की व्होल्टेजही उतरवता येते, म्हणून लाभ दुहेरी. लिनक्समध्ये २००४ साली कर्नल २.६.९ बरोबर ‘ऑनडिमांड’ नावाचा नियंत्रक आला. काम आले की वेग चढवावा, ओसरले की उतरवावा, हे कर्नल स्वतः आणि वारंवार पाहू लागले.

१०/
येथेच पहिला टिकाऊ गैरसमज जन्मला : प्रोसेसर कायम सर्वांत कमी वेगावर बांधून ठेवला की बॅटरी वाचते. तसे नेहमी होत नाही. काम रेंगाळले की प्रोसेसर जागा राहतो. आणि तो जागा आहे तोवर मेमरी, बस, चिपसेट यांनाही जागावे लागते. नव्या प्रोसेसरांत निद्रेच्या पायऱ्या असतात. पायरी जितकी खोल, तितके अधिक भाग बंद. पण खोल उतरण्यास आणि परत वर येण्यास वेळ व वीज दोन्ही लागतात. म्हणून पुष्कळ प्रसंगी काम झटपट उरकून दीर्घकाळ निजणे स्वस्त पडते. वीज वाचवण्याचा प्रश्न अशा रीतीने वेगाकडून झोपेकडे सरकला.

११/
आणि झोप मिळत नव्हती. कर्नलचे एक घड्याळ ठरावीक अंतराने ठोका देई. प्रत्येक ठोक्याला प्रोसेसर उठे, काही काम आहे का ते पाही आणि नसल्यास पुन्हा पडे. पीसीवरील लिनक्समध्ये हे ठोके दीर्घकाळ सेकंदाला १०० होते. डिसेंबर २००३ मधील कर्नल २.६ ने ते १००० केले. त्यामुळे वेळेचे मोजमाप सूक्ष्म झाले, पण बॅटरीचे नुकसान झाले. वाद झाला आणि ऑगस्ट २००५ मधील २.६.१३ मध्ये मूळ आकडा २५० वर आणून निवड वापरणाऱ्यावर सोपवली. सेकंदाला २५० वेळा उठणाऱ्याला गाढ झोप कशी लागावी?

१२/
यावरील मूळ विचार अगदी वेगळ्या जागी आधीच मांडला गेला होता. एप्रिल २००१ मध्ये आयबीएमचे मार्टिन श्विडेफ्स्की यांनी हा ठोकाच काढून टाकण्याचा प्रस्ताव कर्नलच्या चर्चेत आणला. त्यांच्यासमोर लॅपटॉप नव्हता, महाकाय मेनफ्रेम होती. एकाच मेनफ्रेमवर शेकडो आभासी लिनक्स यंत्रे चालवता येत. त्यांतील प्रत्येक यंत्र काही काम नसताना सेकंदाला १०० वेळा उठू लागले, तर मेनफ्रेमचा मोठा हिस्सा या निरर्थक उठाबशांतच खर्ची पडे. सर्वांत मोठ्या आणि सर्वांत लहान संगणकाचे दुखणे एकच होते.

१३/
पीसीवर हे घडण्यास एप्रिल २००७ उजाडले. टॉमस ग्लाइक्सनर, इंगो मोल्नार आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या कामातून कर्नल २.६.२१ मध्ये ३२-बिट पीसीसाठी ठोकाविरहित विश्रांती आली. ६४-बिट यंत्रांना ती जानेवारी २००८ च्या २.६.२४ मध्ये मिळाली. त्याच आवृत्तीत निद्रेची कोणती पायरी निवडावी हे ठरवणारी ‘सीपीयूआयडल’ ही व्यवस्थाही आली. आता रिकाम्या प्रोसेसरला पुढचे नियोजित काम येईपर्यंत कोणी उठवणार नव्हते. निदान कर्नल तरी उठवणार नव्हते.

१४/
कारण ठोका थांबताच त्याच्या आवाजाखाली दडलेले दुसरे आवाज ऐकू येऊ लागले. मे २००७ मध्ये इंटेलचे आर्यन व्हान डी व्हेन यांनी ‘पॉवरटॉप’ हे छोटे साधन प्रसिद्ध केले. प्रोसेसर सेकंदाला किती वेळा उठला आणि कोणी उठवला, याची यादी ते पडद्यावर मांडी. यादीत टपाल वाचणारी, गप्पा मारण्याची, आवाज कमी-जास्त करणारी साधी साधी साधने होती. ‘काही नवे घडले काय?’ असे स्वतःशीच विचारण्यासाठी ती सेकंदातून कित्येकदा उठत आणि बहुतेक वेळा उत्तर ‘नाही’ असेच येई.

१५/
पुढच्या काही महिन्यांत जे झाले ते या इतिहासातील माझ्या मते सर्वांत मोलाचे प्रकरण आहे. ऑगस्ट २००७ च्या जीलिब २.१४ मध्ये अशी सोय आली की, ज्या कामाला सेकंदाची अचूकता पुरते त्याने तसे सांगावे; मग अशी अनेक कामे एकाच जागेपणी उरकली जातात. विहिरीवर प्रत्येक तांब्यासाठी वेगळी खेप न घालता एका खेपेत हंडा-कळशी आणावी, तसे हे. सप्टेंबरच्या जीटीके २.१२ ने तर लुकलुकणाऱ्या कर्सरचाही विचार केला : ठरवलेला काळ कळफलकाला हात लागला नाही, तर कर्सरने लुकलुकणे थांबवावे. समोर कोणी नसताना डोळा मिचकावण्यासाठी यंत्र जागे राहत होते, हे तोवर ध्यानातच आले नव्हते.

१६/
या सुधारणांमागे कोणतेही मोठे नवे शास्त्र नव्हते. गळती वर्षानुवर्षे चालू होती. तिला आकडा आणि नाव मिळताच ती दुरुस्त करणारे पुढे आले. प्रत्येक आज्ञावलीच्या लेखकाला आपली उठाबस क्षुल्लकच वाटत असे आणि एकट्यापुरती ती क्षुल्लक होतीही. शंभर क्षुल्लक गोष्टींची बेरीज कोणाच्याच वहीत नव्हती. ती वही पॉवरटॉपने उघडली. बखर आणि अस्सल कागद यांत राजवाड्यांच्या परंपरेने आपल्याला जो फरक शिकवला, तोच येथे तर्काने सुचवलेला तोडगा आणि प्रत्यक्ष मोजलेला खप यांत आहे.

१७/
आता डिस्ककडे वळू. फिरती हार्ड डिस्क थांबवली तर वीज वाचते, पण लिनक्स थोड्या थोड्या वेळाने काही ना काही लिहीत असे आणि ती पुन्हा फिरू लागे. मे २००४ च्या २.६.६ मधील ‘लॅपटॉप मोड’ने लेखन साठवून ठेवण्याची युक्ती केली : वाचनासाठी डिस्क फिरलीच, तर तुंबलेले सारे लेखन त्याच वेळी उरकावे. मोबदला असा की, यंत्र अचानक बंद पडल्यास दहा मिनिटांपर्यंतचे काम बुडू शकते. हा धोका त्याच्या दस्तऐवजात स्पष्ट लिहिलेला होता. तोडगा नकलताना हीच ओळ मागे राहिली.

१८/
युनिक्सचा आणखी एक वारसा : फाइल वाचली की ती केव्हा वाचली याची नोंद लिहायची. म्हणजे प्रत्येक वाचनामागे एक लेखन! नोंद समूळ बंद करावी, तर नवी डाक आली की नाही हे त्या नोंदीवरून ओळखणारी म्यूटसारखी साधने गोंधळत. २००७ च्या २.६.२० मध्ये ‘रिलेटाइम’ हा मध्यममार्ग आला आणि जून २००९ च्या २.६.३० पासून तोच मूळ नियम झाला. फाइल बदलल्यानंतर ती प्रथमच वाचली जात असेल किंवा आधीच्या नोंदीला दिवस उलटला असेल, तरच नवी नोंद लिहावी. तरीही ‘ही नोंद बंद करा, बॅटरी वाचेल’ हा सल्ला आजही फिरतो. त्यातील बहुतांश लाभ सल्ला न मानताच मिळून चुकला आहे. आणि ज्या लॅपटॉपमध्ये फिरणारी डिस्कच नाही, तेथे डिस्क थांबवण्याचे सारे उपाय निर्विषय आहेत.

१९/
याच काळात लिनक्सवर चालणारा एक लॅपटॉप वीज नसलेल्या गावांचा विचार करूनच घडवला गेला : ‘एका मुलामागे एक लॅपटॉप’ प्रकल्पाचा एक्सओ-१. मेरी लू जेप्सन यांनी घडवलेला त्याचा पडदा उन्हात मागील प्रकाशाशिवाय वाचता येई, आणि प्रोसेसर निजला तरी पडद्यावरील पान तसेच राही. शेजारच्या लॅपटॉपचे संदेश पुढे पोचवणारी वायरलेस चिपही प्रोसेसरला न उठवता काम करू शके. भारतातील या प्रकल्पाचा पहिला प्रयोग २००७ साली रायगड जिल्ह्यातील खैरात येथील लहानशा शाळेत झाला. प्रकल्पाच्या शैक्षणिक यशापयशाची चर्चा वेगळी. वाचणारे मूल समोर बसलेले असतानाही यंत्र दोन पानांच्या दरम्यान निजू शकते, ही कल्पना मात्र त्या यंत्रात आकाराला आली होती.

२०/
२०११ साली उलटा प्रसंग घडला. मार्चमध्ये आलेल्या २.६.३८ पासून अनेक लॅपटॉपांचा खप वाढला. फोरॉनिक्सचे मायकेल लाराबेल यांनी एकामागून एक कर्नल तपासत नेमका बदल शोधला. पीसीआय एक्स्प्रेसच्या जोडण्यांना विश्रांती देणारी ‘एएसपीएम’ नावाची सोय असते. काही फर्मवेअर एकीकडे ती स्वतः चालू करीत आणि दुसरीकडे तक्त्यात ‘ही सोय उपलब्ध नाही’ असे लिहीत. नव्या कर्नलने तक्त्यावर विश्वास ठेवला आणि चालू असलेली सोय बंद केली. मॅथ्यू गॅरेट यांनी विंडोज अशा वेळी काय करते ते पाहिले. ते फर्मवेअरने केलेल्या मांडणीला हातच लावत नव्हते. लिनक्सने मार्च २०१२ च्या ३.३ मध्ये तेच धोरण स्वीकारले.

२१/
लेखी नियम एक आणि रूढ व्यवहार दुसरा, ही इतिहासातील नेहमीचीच अडचण आहे. मधल्या काळात एक तोडगा प्रसृत झाला : कर्नलला बूट होताना एएसपीएम सक्तीने चालू करण्यास सांगा. काहींचा खप उतरला, काहींची यंत्रे गोठली. मूळ दोष २०१२ साली दूर झाला, पण सक्तीची ती ओळ याद्यांमधून हिंडतच राहिली. दुखणे संपल्यावरही औषध चालू ठेवण्याचा हा प्रकार आहे आणि हे औषध निरुपद्रवी नाही.

२२/
काही सोयी कर्नलमध्ये असूनही मूळ स्थितीत बंद ठेवलेल्या होत्या. साटा डिस्कच्या जोडणीला विश्रांती देणे त्यांतील एक. काही डिस्कांवर त्यामुळे माहिती बिघडण्याची भीती होती. हान्स डी गूडे यांनी विंडोजच्या सवयीशी जुळणारी सौम्य पद्धत पुढे आणली, लोकांना आपापल्या यंत्रांवर ती तपासण्याचे आवाहन केले, आणि मे २०१८ च्या फेडोरा २८ मध्ये ती मूळ नियम म्हणून चालू झाली. काही यंत्रांवर एकेक वॅटची बचत झाली. ज्यांना हे नावही ठाऊक नाही त्यांनाही ती मिळाली, हे मला अधिक महत्त्वाचे वाटते. हजार जणांनी हजार वेळा आज्ञा टंकण्यापेक्षा एक सुरक्षित मूळ नियम बदलणे अधिक न्याय्य आहे.

२३/
आता शब्दांचा एक सापळा. जुन्या व्यवस्थेत ‘पॉवरसेव्ह’ नियंत्रकाचा अर्थ होता, प्रोसेसर सर्वांत कमी वेगावर बांधणे. एप्रिल २०१३ च्या कर्नल ३.९ मध्ये इंटेलसाठी ‘पीस्टेट’ हा नवा चालक आला. त्याच्या नेहमीच्या पद्धतीत ‘पॉवरसेव्ह’ म्हणजे गरजेप्रमाणे वेग चढवणारा-उतरवणारा नियंत्रक. नाव तेच, अर्थ भिन्न. शिवकाळातील ‘पेशवा’ आणि उत्तर अठराव्या शतकातील ‘पेशवा’ एकाच अर्थाने वाचणाऱ्याची जी गत होते, तीच २००६ चा सल्ला आजच्या यंत्रावर वाचणाऱ्याची होते.

२४/
अधिकाराचा प्रवासही पुन्हा वळला. २०१५ च्या स्कायलेक पिढीपासून इंटेलचे प्रोसेसर आपला वेग स्वतःच ठरवू शकतात. ऑपरेटिंग सिस्टिम फक्त कल सांगते, बचतीकडे की वेगाकडे. निद्रेचेही तसेच. पूर्वी ‘एस-३’ अवस्थेत फर्मवेअर जवळजवळ सारे यंत्र बंद करी. अनेक नव्या लॅपटॉपांत ही अवस्थाच नाही. तेथे प्रत्येक उपकरणाने आपापल्या जागी गाढ झोपावे अशी अपेक्षा असते. एकही उपकरण जागे राहिले, तर मिटलेल्या झाकणाखाली बॅटरी रात्रभर झरत राहते. बायोसकडून ऑपरेटिंग सिस्टिमकडे गेलेला अधिकार आता सिलिकॉनमध्ये आणि उपकरणांमध्ये विखुरला आहे.

२५/
मग आज काय करावे? आधी मोजावे : चार्जर काढून पॉवरटॉप चालवावे, यंत्र रिकामे असताना किती वॅट जातात आणि कोण उठवतो ते लिहून ठेवावे. पडद्याचा प्रकाश कमी करण्याचा लाभ कोणत्याही काळात, कोणत्याही यंत्रावर खरा आहे. वेगळे ग्राफिक्स कार्ड असेल तर ते रिकाम्या वेळी खरोखर निजते का, आणि ब्राउझरमधील व्हिडिओ ग्राफिक्सच्या हार्डवेअरकडून उलगडला जातो की प्रोसेसरकडून, हे पाहावे. टीएलपी किंवा पॉवर प्रोफाइल्स डीमन यांपैकी एकच कारभारी ठेवावा. दोघे एकमेकांचे हुकूम फिरवतात. एका वेळी एकच बदल करावा आणि पुन्हा मोजावे. पॉवरटॉपची ‘सारे सुधारा’ ही सोय डोळे मिटून कायमची लावू नये. यूएसबी माउस निजून राहिल्याचा अनुभव अनेकांना आहे.

२६/
बॅटरीची मूळ क्षमता आणि आजची पूर्ण क्षमता यांची तुलनाही करावी. ५० वॅट-तासांची बॅटरी झिजून ३० वर आली असेल, तर कर्नलची कोणतीही आज्ञा ते २० परत आणणार नाही. यंत्रात सोय असल्यास चार्जिंगला ८० टक्क्यांच्या आसपास मर्यादा घालावी. जीनोमच्या मार्च २०२५ मधील ४८ व्या आवृत्तीपासून ही निवड, यंत्राला ती झेपत असल्यास, सेटिंग्जमध्येच मिळते. एके काळी यासाठीही याद्या नकलाव्या लागत.

२७/
हे सारे लिहिण्याचे कारण असे. महाग यंत्र घेऊ शकणाऱ्याला बॅटरीचा प्रश्न पैशाने सोडवता येतो. सात-आठ वर्षांचा, हातोहात आलेला लॅपटॉप घेऊन प्रबंध लिहिणाऱ्याला लिनक्स हा बहुधा आवडीपेक्षा गरजेचा पर्याय असतो. ग्रंथालयातील टेबलाजवळ प्लग नसेल, तर त्याच्यासाठी ३३ मिनिटे म्हणजे एक उतारा पुरा होणे. चुकीच्या काळातील तोडगा त्याच्याकडून ती मिनिटेही हिरावून घेतो, क्वचित लिहिलेला मजकूरही.

२८/
म्हणून एक विनंती. आपल्याला एखादा उपाय लागू पडला, तर तो अवश्य सांगावा. पण सोबत वर्ष, कर्नलची आवृत्ती, यंत्राचे मॉडेल आणि बदलापूर्वीचा व नंतरचा खप वॅटमध्ये लिहावा. चार शब्द आणि दोन आकडे. पुढे केव्हातरी कोणी तो सल्ला वाचेल, तेव्हा तो आपल्या कामाचा आहे की नाही हे त्याला पाच मिनिटांत ठरवता येईल. या धाग्याखालीही तसेच लिहावे. नोंदी जमल्या, तर वर्षवार लावून पुढील धाग्यात मांडीन.